दोनशे चौदा नावं

भाऊ: किती झालं म्हणतेस?

ताई: एकतीस टक्के. तू कोपऱ्यावरून फोन केलास तेव्हाही एकतीसच होते. जिना चढून वर आलास तरी एकतीस.

भाऊ: पण हे अपडेट लावलंस कशाला? मी म्हटलं होतं ना, मी येईपर्यंत हात लावू नकोस.

ताई: मी नाही लावलं. मी झिपरीला भरवत होते. चौकट आली, ‘आत्ता करायचं की पाच मिनिटांनी?’ ‘नको’ कुठं नव्हतंच. मी पाच मिनिटं दाबलं. पाच मिनिटांनी परत तेच. चार वेळा मागून घेतली त्याच्याकडून पाच-पाच मिनिटं. पाचव्या वेळी पोरीला ओकारी झाली, तिला धुवायला नेलं, येऊन बघते तर पडदा निळा. ‘कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.’

सासूबाई: कृपया म्हणतो मेला. घरात कुणी इतकं गोड बोलत नाही.

भाऊ: मावशी, थोडा वेळ लागेल. होईल ते.

सासूबाई: सकाळपासून तेच ऐकतेय. हिच्या नवऱ्यानंही जाताना दारात तेच सांगितलं, होईल म्हणून. कसं होईल ते कुणी सांगत नाही. पोरगी झोपलीये तोवर करा काय ते. आणि हळू बोला.

भाऊ: ताई, मला पहिल्यापासून सांग. फोनवर तू रडत होतीस, मला निम्मं कळलंच नाही.

ताई: परवा दवाखान्यातून फोन आला. बोलण्याच्या डॉक्टर आहेत त्यांच्या मदतनीस. म्हणाल्या, मुलगी पूर्वी बोलायची आणि आता बोलत नाही असं तुम्ही सांगितलंय, तर तपासणीला येताना दिलेला फॉर्म भरून आणा आणि पूर्वीचे व्हिडिओ घेऊन या. डॉक्टरांना बघायचंय किती शब्द होते, कसे होते, आणि कधी गेले. त्यावर पुढच्या सगळ्या तपासण्या ठरतात म्हणे. मी म्हटलं, आहेत ना, भरपूर आहेत. इतकी खूश झाले होते मी, काय सांगू. मला वाटलं, चला, आपण काहीतरी तरी नीट केलंय.

भाऊ: किती होते?

ताई: दोनशे चौदा. गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासूनचे. प्रत्येकाला नाव दिलेलं, पुढं तारीख. फोनमध्ये जागा नाही म्हणून दर रविवारी कॉम्प्युटरवर टाकायचे आणि फोनमधून काढायचे.

भाऊ: आणि परवा उघडायला गेलीस.

ताई: परवा रात्री आधी फोल्डरच सापडेना. वर शोधायची जागा आहे तिथं ‘पाणी’ लिहिलं, तिच्या पहिल्या शब्दाच्या फाइलचं नाव. तर यानं मला पाण्याच्या टाक्यांच्या जाहिराती दाखवल्या. माझ्याच घरात, माझ्याच कॉम्प्युटरवर मी माझ्या मुलीला शोधतेय, आणि हा मला विचारतो, पाचशे लिटरची हवी की हजारची.

सासूबाई: मला हाक मारून दाखवलं तिनं. मला वाटलं टाकी घ्यायची आहे.

ताई: मग फोल्डर सापडला. नावं सगळी होती. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. जीव भांड्यात पडला. एकावर दाबलं, तर गोल गोल फिरत बसलं, आणि म्हणालं, ‘काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’ काय चुकलं? कुणाचं चुकलं? दुसरी उघडली, तेच. पहाटेपर्यंत एकेक करून दोनशे चौदा उघडल्या मी. एकही उघडली नाही.

भाऊ: आणि मदतीच्या नंबरवर?

ताई: काल लावला ना. पण त्याआधी पासवर्ड. तीनदा चुकला म्हणे. ठिपके दिसतात नुसते, आणि खाली अक्षरं आपोआप मराठीवर गेलेली. मला कसं कळणार? अर्धा तास कुलूप. मग फोन. पाऊण तास वाजवत ठेवलं. शेवटी एक बाई आल्या, म्हणाल्या, अपडेट करून बघा. मी विचारलं, त्यानं फाइली परत येतील? त्या म्हणाल्या, अपडेट केल्यानं बऱ्याच जणांच्या अडचणी सुटतात. मी पुन्हा विचारलं, माझी सुटेल का? तर म्हणे, तुमच्याशी बोलून आनंद झाला, एक ते पाचमध्ये किती गुण द्याल.

सासूबाई: हिनं पाच दिले.

भाऊ: पाच?

ताई: मला वाटलं, कमी दिले तर मुद्दाम करणार नाहीत काही.

भाऊ: बरं. आता एक आठव. मध्ये कधी जागा संपल्याचा इशारा आला होता का? पिवळी पट्टी?

ताई: तुला माहीत आहे की. मी तुलाच फोन केला होता.

भाऊ: मला?

ताई: ऑक्टोबरच्या दहा तारखेला. तू कुठल्याशा मीटिंगमध्ये होतास, कुजबुजत बोलत होतास. मी म्हटलं, हा म्हणतोय ऑनलाइन जागा भरली, तिथल्या फाइली काढू का? तू म्हणालास, हो हो, दाब, काढून टाक. मी म्हटलं, नक्की ना? तू म्हणालास, अगं ताई, तू ना फार विचार करतेस, हो दाब आणि मोकळी हो.

भाऊ: ...असेन म्हणालो.

ताई: असेन नाही. म्हणालास. आपल्याकडे पहिल्यापासून तेच चालतं. बाबांच्या वेळीही तेच. काहीही चौकट आली की तुला फोन, आणि तू म्हणणार, हो दाब. बाबांनी तर कागदावर लिहून पडद्याला चिकटवलं होतं, ‘विचारलं तर हो.’

भाऊ: कारण नाही म्हटलं की काहीच पुढं सरकत नाही, ताई. ते बनवलंच तसं आहे. मी तरी काय सांगणार?

सासूबाई: मला समजेल असं सांग बाबा. फाइली हिनं काढल्या ऑनलाइनच्या. मग घरातल्या का गेल्या?

भाऊ: असं समजा मावशी, घरात एक कपाट आहे आणि लांब एक गोदाम आहे. तुम्ही साड्या कपाटात ठेवल्या. कपाट भरत आलं तसं कॉम्प्युटरनं तुम्हाला न विचारता साड्या गोदामात नेल्या, आणि कपाटात प्रत्येक साडीच्या जागी एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर साडीचं नाव, तारीख. कपाट उघडलं की वाटतं साड्याच आहेत. पुढं गोदाम भरलं. ताईला वाटलं, घरात आहेतच, तिथल्या जास्तीच्या असतील, म्हणून तिनं गोदाम रिकामं केलं.

सासूबाई: आणि घरात चिठ्ठ्या.

भाऊ: घरात चिठ्ठ्या.

सासूबाई: न विचारता कसं नेतो? विचारायला नको?

भाऊ: विचारलं असेल. पहिल्या दिवशी, कॉम्प्युटर सुरू करताना. आठ पानी मजकूर असतो, खाली एक ‘मान्य आहे’.

ताई: तो कॉम्प्युटर तू सुरू करून दिला होतास.

भाऊ: हो.

ताई: पण गोदामातलं काढलेलं कचऱ्यात राहतं ना? मी वाचलं काल. तीस दिवस राहतं.

भाऊ: राहतं.

ताई: मग?

भाऊ: दहा ऑक्टोबर, ताई. आज एकेचाळीसावा दिवस आहे. मी येता येता माझ्या फोनवरून तुझ्या खात्यात जाऊन बघितलं. कचरा रिकामा आहे.

ताई: पण तुझीच कंपनी ना ही? तूच ना तिथं? कुणाला तरी सांग. कुठल्या तरी मशीनवर असेलच की. अकरा दिवस फक्त, अकरा दिवसांनी काय होतं असं?

भाऊ: मी तिथं तक्रारी वाचतो गं. सकाळी गेलं की साठ-सत्तर तक्रारी समोर. कुठली कुणाकडे पाठवायची, कुठली बंद करायची, एवढंच माझं काम. तरी कालपासून तिघांना विचारलं. एकानं उत्तर दिलं. म्हणाला, पुसलं म्हणजे पुसलं.

ताई: आणि अशी तक्रार आधी कुणी केलीच नाही का? मी एकटीच मूर्ख?

भाऊ: आल्या होत्या. एका बाईचे आईच्या शेवटच्या दिवसांतले फोटो होते. एका शिक्षकाचं बारा वर्षांचं टिपण. बऱ्याच होत्या, दीड-दोनशे तरी.

ताई: मग काय केलंत?

भाऊ: बंद केल्या.

ताई: कुणी?

भाऊ: मी. सगळ्या नाही. पण त्यातल्या पुष्कळ मी केल्या. बंद करताना कारण निवडावं लागतं. पाच कारणं असतात. मी लिहायचो, ‘ठरल्याप्रमाणेच चालत आहे.’ खोटं नव्हतं ते. बिघाड नव्हताच, ते तसंच बनवलेलं आहे. त्या बाईनं तीनदा पुन्हा उघडली होती तक्रार. मी तीनदा बंद केली.

सासूबाई: आणि घरी येऊन जेवलास.

भाऊ: जेवलो, मावशी.

ताई: थांबा आई. त्याला नका बोलू. ऐक, मी तुला एक पाठवला होता. तुझ्या वाढदिवसाला. ‘मामा’ म्हणाली होती तो. मी एकही कुणाला पाठवला नाही, लोक बघतात आणि आपल्या पोरांशी ताडून बघतात म्हणून. पण तो तुला पाठवला होता. तो असेल तुझ्याकडे. एक तरी असेल. एक आवाज तरी घेऊन जाऊ उद्या दवाखान्यात.

भाऊ: काल रात्री तेच बघितलं मी आधी.

ताई: मग? दे ना.

भाऊ: धूसर चौकोन आहे नुसता. मध्ये खाली जाणारा बाण. मी तो कधी दाबलाच नव्हता. उघडलाच नव्हता तो. खाली मी तुला लिहिलंय, ‘कसली गोड आहे गं.’ आणि आता दाबला की ते म्हणतं, ही फाइल राहिली नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

ताई: तू न बघताच गोड म्हणालास.

भाऊ: हो.

(पडदा काळा होतो. पंखा घरघरतो. पुन्हा उजेड येतो.)

सासूबाई: काहीतरी झालं बघ. छप्पन्न म्हणतोय.

भाऊ: हलला? थांबा, थांबा. मावशी, तो नेटचा डबा कुठं आहे? दिवे लुकलुकतात तो?

सासूबाई: कपाटावर. का?

भाऊ: बंद करा तो. आत्ता. वायरच काढा.

ताई: नेट कशाला बंद? त्यातूनच तर परत येणार ना काही आलं तर?

भाऊ: काही येणार नाही, ताई. पण जाऊ शकतं. हे बघ, गोदाम रिकामं झाल्याचं या कॉम्प्युटरला अजून कळलेलंच नाही. मध्येच कुठंतरी ते जोडणं अडकलंय, म्हणून चिठ्ठ्या तरी दिसतायत. अपडेट झालं, नव्यानं सुरू झालं, नेट मिळालं, की पहिली गोष्ट कुठली करेल तर गोदामाशी ताडून बघेल. तिथं नाही म्हणजे इथंही नको. चिठ्ठ्याही काढून टाकेल.

सासूबाई: म्हणजे बिघडलंय म्हणून उरलंय.

भाऊ: तसंच काहीसं.

सासूबाई: काढली बघ वायर. दिवे गेले.

ताई: नावं ठेवून काय करू मी? डॉक्टरांना काय दाखवू, चिठ्ठ्या?

भाऊ: नावापुढं तारखा आहेत म्हणालीस ना. कुठला शब्द कधी आला, कधीपर्यंत होता, एवढं तर कळेल त्यांना. तेच विचारलंय ना त्यांनी, कधी गेले म्हणून? आवाज नाही, पण तारखा खऱ्या आहेत. अगदीच काही नाही त्यापेक्षा बरं. तो फॉर्म आण इकडे. मी वाचतो, तू लिही.

ताई: फॉर्म भरलाय मी.

भाऊ: कुठून भरलास, आठवणीतून? तारखा समोर असताना?

ताई: भरलाय ना. राहू दे. मला नको ती नावं आता. तू बंद कर हे सगळं, घरी जा.

सासूबाई: असं काय करतेस? तो एवढा लांबून आलाय. सुरू झालं बघ. उघड रे बाबा, वाच. मला तरी कळू दे, काय काय बोलायची ते. मला यातला एक दाखवला नाहीस कधी.

भाऊ: हं. चला, आहेत. सगळी नावं आहेत. पहिलं, ‘पाणी, पहिल्यांदा’, नऊ ऑगस्ट. ‘माऊ.’ ‘माऊ, खिडकीतून.’ ‘आजी दे’, दोन शब्द, ताई, सप्टेंबरमध्ये. ‘बाबा नाही.’ ‘दिवा गेला.’ काय सुंदर नावं दिलीस गं.

सासूबाई: आजी दे. मी बिस्किट लपवायची ना, तेव्हा म्हणायची.

भाऊ: ऑक्टोबर, नोव्हेंबर, भरपूर आहेत. ‘मामा.’ हा माझा. डिसेंबर, ‘चपला कुठे.’ जानेवारी, ‘मला नको झोप.’ तीन शब्द. फेब्रुवारी जरा कमी. मार्च, ‘गाडी गेली.’ एकोणीस मार्च. त्यानंतर... ताई, हे काय आहे?

ताई: पुरे. तिथवरच लिहायचंय.

भाऊ: दोन एप्रिल, ‘पाणी, नीट नाही.’ पाच एप्रिल, ‘पाणी, परत विचारलं.’ सहा एप्रिल, ‘पाणी, हसली फक्त.’ आठ एप्रिल, ‘नाही.’ नऊ, ‘नाही.’ अकरा, ‘नाही, ग्लास दाखवला तरी.’ मग नुसतं ‘नाही.’ नाही, नाही, नाही. मे, जून... खाली शेवटपर्यंत तेच आहे. साठ-एक असतील.

ताई: एकाहत्तर.

सासूबाई: एप्रिल म्हणालास?

भाऊ: दोन एप्रिल.

सासूबाई: आपल्याला तर हिनं ऑगस्टच्या शेवटी सांगितलं. रडत आली होती स्वयंपाकघरात, आई, आठ दिवस झाले झिपरी काही बोललीच नाही म्हणून. फॉर्मवर काय लिहिलंयस गं?

ताई: ऑगस्ट.

सासूबाई: म्हणजे तुला एप्रिलातच कळलं होतं.

ताई: कळलं नव्हतं. वाटलं होतं. रोज वाटायचं, आज बोलेल. कॅमेरा लावून बसायचे समोर, ग्लास धरायचे. म्हटलं, एकदा बोलली की तेवढा एक व्हिडिओ ठेवायचा आणि हे ‘नाही’वाले सगळे पुसून टाकायचे. कुणाला कळायलाही नको. एकदाच बोलायला हवं होतं तिनं. मी थांबले होते त्याच्यासाठी.

भाऊ: पाच महिने?

ताई: तू बोलू नकोस. उद्या त्या विचारतील, बाई, पाच महिने काय करत होतात? मी म्हणेन, शूटिंग करत होते. फॉर्ममध्ये खाली रकानाच आहे, ‘दाखवायला उशीर झाला असल्यास कारण’. दोन ओळी सोडल्यात. म्हणून ऑगस्ट लिहिलं. ऑगस्ट लिहिलं की तो रकाना भरावा लागत नाही.

सासूबाई: मी तुला विचारलं होतं गं. उन्हाळ्यात. मी म्हटलं, पोर गप्प गप्प झालीये.

ताई: आठवतंय मला.

सासूबाई: तू म्हणालीस, आई, प्रत्येक मूल आपल्या वेळेनं बोलतं, तुमच्या काळातलं काही सांगू नका. इतकी चिडून म्हणालीस की मी पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर गेले.

ताई: त्याच दिवशी सकाळी तेरावा ‘नाही’ झाला होता. मला वाटलं, तुम्ही बोलून ते खरं कराल.

भाऊ: ताई, पेन घे. तारीख बदल. तपासणी चुकीच्या महिन्यावरून सुरू झाली तर तिचंच नुकसान आहे.

ताई: मला कळतंय ते. हात उठत नाही. सांग ना, काय लिहू त्या दोन ओळींत?

भाऊ: लिही की... मला नाही सुचत.

ताई: तुमच्याकडे पाच कारणं असतात ना. त्यातलं एखादं सांग.

भाऊ: असं नको बोलूस.

सासूबाई: दे इकडे तो फॉर्म. चष्मा कुठं गेला माझा. दोन एप्रिल लिहिते मी वर, आकडा येतो मला. हं. आणि ते कारण कोरं ठेव.

ताई: कोरं कसं ठेवू? विचारतील ना.

सासूबाई: विचारू देत. मी येते उद्या बरोबर, मी सांगेन. एकदा विचारलं, सून चिडली, त्यावर मी रुसून बसले. पाच महिने मीही तोंड उघडलं नाही. मला काय दिसत नव्हतं? बिस्किट लपवायचं बंद केलं होतं मी एप्रिलात. मागायचीच नाही, तर लपवून काय करू?

ताई: तुम्ही कधी बोलला नाहीत.

सासूबाई: तू तरी कुठं बोललीस? एका घरात दोन बायका, दोघींना ठाऊक, आणि दोघी आपापल्या जागी बसून. असंच सांगेन मी.

भाऊ: ही नावं मी फोनवर फोटो काढून ठेवतो. सगळी. ती ‘नाही’वाली पण घेऊ ना, ताई?

ताई: घे. तीच जास्त लागतील त्यांना.

सासूबाई: तीन वाजून गेले. इतका वेळ झोपत नाही ती. उठली नाही का गं अजून? हाक ऐकू आली का तुला?

ताई: हाक कुठली मारते ती आता. थांबा, बघते.

सासूबाई: काय? झोपलीये?

ताई: नाही. दारात उभी आहे. केव्हापासून उभी आहे, कुणास ठाऊक.